चुन्यांतलें कीं मातींतलें?

सहल ही गोष्ट आमच्या घराण्यास फारशी मानवणारी नव्हे. तीर्थयात्रा घडते, लग्नकार्यास जाणें घडतें, कोणाच्या मयतासहि जावें लागतें. परंतु कांहीं काम नसतां केवळ पाहण्याकरितां शिदोरी बांधून घराबाहेर पडणें हें माकणीसारख्या गांवीं अजून कित्येकांस थोडेंसें लाजिरवाणेंच वाटतें. शेतकऱ्याच्या पंचांगांत रिकामा दिवस नसतो, आणि असलाच तर तो पाऊस न पडल्यामुळें आलेला असतो. असला दिवस मौजेंत घालवावा असें कोणास वाटणार? तथापि गेल्या भाद्रपदांत पाऊस मनाजोगा झाला. बोरी नदीवरचें धरण भरून वाहूं लागलें आणि नळदुर्गास ‘नर’ व ‘मादी’ हे दोन्ही धबधबे सुरू झाले, अशी वार्ता आली. आणि आमच्या मुलांनीं असा कांहीं हट्ट धरला कीं, अखेर येत्या रविवारीं जाण्याचें ठरलें.

वाचकांपैकीं पुष्कळांस माकणी ठाऊक असण्याचें कारण नाहीं. धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यांतील हें गांव तेरणेच्या कांठीं आहे. १९८९ च्या सुमारास येथें नदीस मातीचा लांबलचक बांध घालून निम्न तेरणा धरण पुरें झालें, आणि तेव्हांपासून गांवाचें नांव वर्तमानपत्रांतील पाणीसाठ्याच्या कोष्टकांत येऊं लागलें. धरणाच्या दोन्ही अंगांनीं कालवे काढलेले आहेत. ज्या वर्षीं त्यांस पाणी सुटतें त्या वर्षीं मुलें त्यांत डुंबतात व बायका गोधड्या धुतात. ज्या वर्षीं सुटत नाहीं त्या वर्षीं त्याच कालव्याच्या तळाशीं शेळ्या चरतात. तात्पर्य, पाणी असणें म्हणजे काय आणि नसणें म्हणजे काय, हें आम्हांस कोणी शिकवावयास नको. तरी देखील वरून कोसळणारें पाणी आमच्या मुलांनीं चित्रांतच पाहिलेलें. आमच्या सपाट मुलखांत नदी चालते, धांवते, आटते. पण उडी घेत नाहीं.

बेत ठरला खरा. पण आईचें काय, हा प्रश्न उरला. आईचें वय बहात्तर, प्रकृति काटक. तेव्हां अडचण पायांची नव्हती. अडचण अशी कीं, गेलीं तीस वर्षांहून अधिक काळ आई दगडी छताखालीं गेलेली नाहीं. तुळजापुरास ती दर वर्षीं जाते, परंतु भवानीस बाहेरूनच, कळसाकडे पाहून हात जोडते. “तिला दिसतंय की मी आल्याली,” एवढेंच तिचें म्हणणें. आमच्या आतांच्या घरावर सिमेंटाची स्लॅब आहे. तिच्याखालींहि ती निजत नाहीं. पाऊस असो कीं थंडी असो, तिचें अंथरूण पडवींत, पत्र्याखालीं पडतें. सौभाग्यवतीनें लग्न होऊन आल्यावर पहिल्या हिंवाळ्यांत याविषयीं एकदां विचारलें होतें. पुढें कधीं विचारलें नाहीं. आमच्या भागांतील कित्येक घरांत असें एकादें अंथरूण पडवींत असतें, आणि तें कां, हें सर्वांस ठाऊक असतें.

तारीख ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी. गणपति बोळवून लोक उशिरां निजलेले. पहाटेच्या चारास कांहीं मिनिटें कमी असतां भूमि हालली आणि मिनिटभराच्या आंत सर्व आटोपलें. किल्लारी आणि सास्तूर हीं त्यांतलीं पुढें गाजलेलीं नांवें. एकंदर बावन्न गांवें जमीनदोस्त झालीं आणि आठ हजारांच्या आसपास माणसें गेलीं, असा हिशेब मागून लागला. माकणीस आमच्या घराची एक भिंत ढासळली, पण माणसें वांचलीं. सास्तूर हें आईचें माहेर. उजाडतांच ती वडिलांबरोबर पायींच तिकडे निघाली. आम्ही त्या वेळीं तेरा वर्षांचे. नको म्हणत असतां मागें धांवत गेलों. मामांचें घर होतें तेथें दगडांचा ढीग होता. त्या ढिगावर उभी राहून आई मामांस नांवानें हाक मारी, थांबे, कान देई, आणि पुनः हाक मारी. दुपारपर्यंत हें चाललें होतें. उत्तर आलें नाहीं. यापलीकडे त्या दिवसाचें वर्णन आम्हांस करतां येत नाहीं.

लोक म्हणूं लागले कीं, धरणाच्या पाण्यानें धरती जड झाली आणि म्हणून ती हालली. तेरणा अडविली त्यास चारच वर्षें लोटलीं होतीं. तेव्हां हा तर्क कोणाच्याहि मनांत यावा असाच होता. शास्त्रज्ञांपैकींहि कांहींनीं जलाशयाचा व भूकंपाचा संबंध जोडून पाहिला, इतरांनीं तो नाकारला, आणि तो वाद अद्याप पुरता मिटलेला नाहीं. आईच्या मनांत मात्र तो पहिल्याच आठवड्यांत मिटला. धरणाच्या बांधावर ती तेव्हांपासून चढलेली नाहीं. अशा रीतीनें ज्या दगडावांचून आमच्याकडे घर होत नाहीं आणि ज्या पाण्यावांचून शेत होत नाहीं, त्या दोहोंशींहि तिचें वैर जडलें. आणि आम्ही निघालों होतों तें ठिकाण म्हणजे दगडाच्या पोटांत शिरून पाणी पाहण्याचें!

“मी वरच बसते बाबा,” ती म्हणाली. “लेकरांस्नी पानी बगू द्या.” प्रश्न सुटला, असें आम्हांस वाटलें.

पहाटे उठून सौभाग्यवतीनें धपाटे लाटले, शेंगांची चटणी कुटली, दह्याचा डबा फडक्यांत बांधला. भाड्याची मोटार ठरविली होती, तींत सहा माणसें आणि त्यांहून अधिक पिशव्या भरल्या. लोहारा मागें पडलें. दोहों बाजूंस सोयाबीन गुडघ्याला लागलेलें, मधून मधून तुरीच्या ओळी, आणि पावसानें काळी झालेली जमीन. याच प्रवासांत एक गोष्ट घडते, ती मोटारींत बसलेल्यांस कळत नाहीं. माकणीची तेरणा मांजरेस मिळते आणि मांजरा गोदावरीस. नळदुर्गची बोरी भीमेस मिळते आणि भीमा कृष्णेस. म्हणजे या दोन-तीन घटकांच्या वाटेवर कोठें तरी एक उंचवटा असा आहे कीं, त्याच्या अलीकडे पडलेला थेंब गोदावरीस जातो व पलीकडे पडलेला कृष्णेस. आम्हीं हें मुलांस सांगितलें. धाकट्यानें लगेच तो उंचवटा दाखवा म्हणून धरलें. आम्हांस तो दाखवितां आला नाहीं. डोळ्यांस सारें रान सारखेंच दिसत होतें. पुढें सोलापूर-हैदराबाद हमरस्ता लागला, जळकोट गेलें, आणि थोड्याच वेळांत नळदुर्गचे काळे बुरूज दिसूं लागले.

नळदुर्गचें नांव लोक नळराजाशीं जोडतात. तो भाग कथेचा झाला. इतिहास बहामनी काळापासून लागतो आणि दगडी तटबंदीचें श्रेय मुख्यतः विजापूरच्या आदिलशाहीस जातें. पुढें मोंगल आले, मागून निजाम आले. १८५३ मध्यें निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला, तेव्हां येथील कारभार पाहण्यास मेडोज टेलर आला. १८३९ मध्यें ठगाच्या कबुलीची कादंबरी लिहून विलायतेंत नांव मिळविलेला, आणि पुढें चांदबिबीवर कादंबरी लिहिणारा हाच तो गृहस्थ. १८६० मध्यें मुलूख निजामाकडे परत गेला. आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सैन्य सोलापुराहून हैदराबाद संस्थानांत शिरलें, तें पहिल्याच दिवशीं या किल्ल्याजवळून बोरीवरचा पूल ताब्यांत घेऊन पुढें गेलें. आमचे आजोबा ही गोष्ट डोळ्यांनीं पाहिल्यासारखी सांगत. त्या दिवशीं ते माकणीसच होते, हें आम्हांस मागाहून कळलें.

तिकिटें काढून आंत गेलों. नऊ पाकळ्यांच्या आकाराचा नवबुरूज पाहिला. उपल्या बुरुजावर मुलें धांवत चढलीं, आम्ही श्वास घेत घेत चढलों. वरून सारी रचना एकदम ध्यानांत येते. एका बाजूस मुख्य किल्ला, समोर रणमंडळ नांवाचा दुसरा लहान किल्ला, मधल्या दरींतून बोरी वाहते, आणि या दोन किल्ल्यांस जोडणारी भिंत म्हणजेच धरण. नदी अडवावयाची, किल्ल्यास पाणी पुरवावयाचें, शत्रूस वाट बंद करावयाची आणि आपल्या माणसांस इकडून तिकडे जाण्यास रस्ता करावयाचा, हीं चारहि कामें एकाच बांधकामाकडून करून घेतलेलीं आहेत. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ मध्यें, हें धरण पुरें झालें. याच सुमारास, सतराव्या शतकाच्या आरंभीं, मलिक अंबर खडकीस, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगरास, जमिनीखालून नहर आणीत होता. राज्यें एकमेकांशीं लढत होतीं, पण पाण्याच्या बाबतींत सर्वांची विद्या चांगली होती असें दिसतें.

धरणाच्या माथ्यावर आलों तों आवाजानें बोलणें बंद पडलें. जादा पाणी जावें म्हणून धरणांत दोन वाटा ठेवलेल्या आहेत. त्यांतून तें खालीं झेंप घेतें. तेच नर आणि मादी. नराची धार जाड, एकसंध, गढूळ. मादीची रुंद आणि फेंसाळ. दोहोंच्या मध्यें, धरणाच्या प्रत्यक्ष पोटांत, मजल्यामजल्यांनीं खालीं उतरत गेलेला पाणीमहाल आहे. वरून नदी जाते, दोहों बाजूंस नदी कोसळते, आणि मध्यें नक्षीच्या खिडकींत बसलेला मनुष्य कोरडा राहतो. ही कल्पना ज्याला प्रथम सुचली त्याच्या धाडसाचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें कीं ज्यानें ती बांधून दाखविली त्याच्या हाताचें, हें सांगवत नाहीं.

आईस आम्हीं पायऱ्यांच्या तोंडाशीं, उघड्यावर, एका दगडावर बसविलें. तिची पाठ पाण्याकडे होती. गर्दी पुष्कळ होती. जो तो मोबाईल उंच धरून स्वतःचें चित्र घेण्यांत गुंतलेला. आम्हीं आईच्या हातीं पाण्याची बाटली दिली, मागें वळून पाहतों तों धाकटा तेथें नव्हता. आठ वर्षांचें पोर. कोणाची वाट न पाहतां पायऱ्या उतरून आंत गेलें होतें.

आम्ही पुढें होणार तोंच आई उठली. आंतल्या काळोखाकडे तोंड करून तिनें त्यास हाक मारली. उत्तर आलें नाहीं. येणार कसें? त्या गर्जनेंत आमचें आम्हांस ऐकूं येत नव्हतें. तिनें दुसऱ्यांदा हाक मारली, आणि मग ती थांबली व कान देऊं लागली. तें तिचें मान किंचित् तिरपी करून उभें राहणें आम्हीं पाहिलें, आणि आमच्या अंगावर कांटा आला. कारण तें आम्हीं पूर्वीं एकदां पाहिलें होतें. “आई, तो आंतच आहे, मी आणतों,” असें आम्हीं म्हटलें असावें. तिनें तें ऐकलें नाहीं. पदर खोंचला, भिंतीस हात लावला आणि ती पायऱ्या उतरूं लागली.

आम्ही मागोमाग गेलों. दगडी जिना अरुंद, ओलसर, आणि मधूनच उजेडाचा एक तुकडा. खालीं महालांत पोंचलों तों धाकटा खिडकीच्या कट्ट्यावर गुडघे टेकून बसलेला; समोर पाण्याचा पडदा, त्याचे बारीक तुषार वाऱ्यानें आंत येत होते, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी कांहीं तन्मयता होती कीं, आपल्यास कोणी शोधीत आहे याची त्यास गंधवार्ताहि नव्हती. आई त्यास रागावली नाहीं. तिनें त्याचें मनगट धरलें, घट्ट धरलें, आणि त्याच्या शेजारीं बसली. मग तिची दृष्टि वर गेली. डोक्यावर दगडाची कमान होती. आम्ही तिच्या तोंडाकडे पाहत होतों. आतां ती उठेल, घाबरेल, असें वाटलें. तिनें मोकळ्या हाताचा तळवा शेजारच्या भिंतीवर ठेवला आणि तो दोन दगडांच्या सांध्यावरून हळूहळू फिरविला.

“हे चुन्यातलं हाय का मातीतलं?” तिनें विचारलें.

जवळ एक वयस्क रखवालदार उभा होता. प्रश्न ऐकून तो जवळ आला. दिवसांतून शेंकडों लोक त्यास राजाचें नांव विचारीत असतील. असा प्रश्न त्यास बहुधा प्रथमच आला असावा. तो मोठ्यानें म्हणाला, “चुन्यातलं हाय, आजी. घाण्यावर मळल्याला चुना. चारशे वर्सं झाली.”

आईनें मान डोलावली. “आमचं मातीतलं हुतं,” ती म्हणाली.

त्यानंतर ती बराच वेळ बोलली नाहीं. आम्ही मात्र त्या तीन शब्दांपाशीं अडून राहिलों. १९९३ नंतर अभियंते गांवोगांव हिंडले, त्यांनीं पडलेल्या घरांची परीक्षा केली, आणि त्यांचा निष्कर्षहि सारांशानें हाच होता. आमच्याकडील भिंती रुंद, दोन-दोन हात जाडीच्या. दिसावयास किल्ल्यासारख्या भक्कम. पण त्या म्हणजे वस्तुतः पाठीस पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती. मध्यें दगडगोटे व माती भरलेली, आणि दोन्ही अंगांस एकत्र बांधून घेणारा लांब दगड क्वचित्‌च घातलेला. वर माळवदाच्या मातीचा भार. जमीन हालतांच त्या दोन अंगांनीं एकमेकांची साथ सोडली आणि छप्पर खालीं आलें. पुढें जीं दगडी घरें उभीं राहिलीं होतीं त्यांच्या भिंतींस आरपार छिद्रें पाडून त्यांत काँक्रीटचे सांधे भरण्याची रीत शिकविण्यांत आली. भिंतीची जाडी माणसास वांचवीत नाहीं. तिचीं दोन अंगें एकमेकांस धरून आहेत कीं नाहींत, यावर सारें अवलंबून असतें.

नळदुर्ग उभा राहिला आणि सास्तूर पडलें, एवढ्यावरून कोणी मामांच्या कारागिरीस बोल लावूं नये. एक तर भूकंपाचा गाभा किल्लारीजवळ होता, नळदुर्ग त्यापासून पुष्कळ दूर. तेव्हां दोहोंची परीक्षा सारखी झाली असें म्हणतां येत नाहीं. आणि दुसरें असें कीं, चुना भाजावयास भट्टी लागते, मळावयास घाणा व बैल लागतात, घडीव दगडास पाथरवट लागतो. सुलतानाजवळ हें सर्व होतें. मामांजवळ रानांतले दगड होते व नदीकांठची माती होती, आणि तीं दोन्ही फुकट होतीं. बापानें बांधलें तसें त्यांनीं बांधलें. तो एक लांब दगड मध्यें घालावा, हें सांगावयास मात्र कोणी आलें नव्हतें. त्यास कांहीं मोल पडलें नसतें. चारशे वर्षांपूर्वींच जी विद्या या जिल्ह्यांत एका धरणाच्या पोटांत सिद्ध होऊन बसली होती, ती तेथून दिवसभराच्या चालीवरच्या गांवास पोंचूं नये, याचें दुःख आम्हांस त्या खिडकींत बसून झालें, आणि अजून होतें.

महालांत एक फारसी शिलालेख आहे. त्यांत धरण बांधणाऱ्या मीर इमादीनचें नांव आहे, आणि या कामाकडे पाहून मित्रांचे डोळे उजळतील व शत्रूंचे अंधारतील, असा त्याचा आशय सांगतात. राजास जगांत मित्र आणि शत्रु असे दोनच वर्ग दिसतात. ज्या पाण्यानें शेत भिजविलें त्याच पाण्याचा संशय ज्यांस आला, ज्या दगडानें निवारा दिला त्याच दगडानें ज्यांचें माणूस नेलें, त्यांच्यासाठीं शिलालेखांत जागा नाहीं. त्यांनीं कोणत्या डोळ्यांनीं पाहावें?

आईनें मात्र पाहिलें. थोड्या वेळानें ती खिडकीकडे वळली आणि पडणाऱ्या पाण्याकडे पाहत बसली. धाकट्याचें मनगट तिनें सोडलें नव्हतें. पण आतां तोच तिला नर कोणता आणि मादी कोणती हें ओरडून ओरडून समजावून देत होता. किती वेळ बसलों हें सांगतां येत नाहीं; थोरलीनें वर जाऊन उरलेल्यांस बोलावून आणलें, एवढें खरें. मग गर्दी वाढली, आणि आई स्वतःच उठून म्हणाली, “चला आता, लेकरं भुकेजली असतील.”

वर उन्हांत बसून धपाटे खाल्ले. दह्याचा डबा मोटारींत सांडला होता, त्यावरून सौभाग्यवतीचा व आमचा थोडा वादहि झाला. परततांना मुलें निजलीं. माकणी जवळ आली तेव्हां धरणाचा बांध संध्याकाळच्या उजेडांत लांबवर दिसत होता. मोटार क्षणभर थांबवावी असें आमच्या मनांत आलें, आईकडे पाहिलें, ती दुसऱ्या बाजूच्या शेतांकडे पाहत होती. आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. एका दिवसाकडून माणसानें किती मागावें यासहि मर्यादा आहे.

रात्रीं तिनें आपलें अंथरूण नेहमीप्रमाणें पडवींत घातलें. वर पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. आम्ही कवाड ओढून घेण्यास गेलों तेव्हां ती जागीच होती.

“त्या महालात कोनी निजत आसंल का रं?” तिनें विचारलें.

“बसत असतील. निजत असतील असें वाटत नाहीं,” आम्हीं म्हटलें.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग कुशीवर वळत म्हणाली, “बसलं तरी लई झालं.”

आम्हीं दिवा मालविला.